डॉकयार्ड रोड स्टेशनजवळची लाकडी घरं – म्हातारपाखाडीबद्दल कोणी सांगेल का?

रोजचा_हार्बर
नमस्कार मंडळी. मुंबईत नऊ वर्षं हार्बर लाइनच्या लोकलने जातोय पण डॉकयार्ड रोडला कधी उतरलोच नव्हतो. परवा माझगावला काम होतं, ते आटपून परत येताना चुकून एका गल्लीत शिरलो आणि बघतच राहिलो, कौलारू लाकडी घरं, वरच्या मजल्याचा जिना बाहेरून, गॅलरीच्या कठड्याला लाकडात कापलेली नक्षी, वळणावर एक क्रूस आणि त्याला झेंडूचा ताजा हार. ओट्यावर दोन आज्जी मराठीतच बोलत होत्या पण आपल्यासारखी नाही, वसईकडची वाटली. विचारलं तर म्हणाल्या ही म्हातारपाखाडी. ही वस्ती किती जुनी? कोणाची? आणि रेल्वेला इतकी खेटून कशी काय टिकली?

पाखाडीची_भाची
माझी मावशी तिथली, म्हणून राहवलं नाही :) ही ईस्ट इंडियन लोकांची वस्ती. आम्ही इथलेच, मूळचे उत्तर कोकणातले, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिश्चन झालेले, म्हणून घरातली बोली मराठीच. ईस्ट इंडियन हे नाव मात्र १८८७ मध्ये घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी. तेव्हा गोव्याहून, मंगळूरहून बरेच ख्रिश्चन नोकरीला यायला लागले होते आणि आपण वेगळे, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून इथले, हे सांगायचं होतं.

पाखाडी म्हणजे कोकणात दगड बसवलेली चढाची वाट, आमच्याकडे आख्ख्या आळीलाच पाखाडी म्हणतात.

बाहेरच्या जिन्याचं म्हणाल तर मावशीकडे वरचा मजला भाड्याने दिलेला असायचा, भाडेकरू बाहेरूनच वर जायचे, खालच्या घरात त्यांचा पायही पडायचा नाही. त्या जिन्याची तिसरी पायरी करकरायची, त्यावरून मावशी आतूनच सांगायची कोण आलं ते. क्रूसाबद्दल एक, १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईत जागोजागी क्रूस उभारले गेले हे खरं, पण प्रत्येक क्रूस प्लेगचा नसतो, चौथऱ्यावर साल कोरलेलं असेल तर ते आधी वाचा.

आणि काका बाप्टिस्टा आमच्या पाखाडीचे! जोसेफ बाप्टिस्टा, टिळकांचे सहकारी, १९१६ च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. स्टेशनच्या डोक्यावर टेकडीवर जी बाग आहे ती त्यांच्याच नावाची.

सिग्नल_पिवळा
रेल्वेबद्दल थोडं. वस्ती रेल्वेला खेटून नाही आली, रेल्वे वस्तीजवळ आली, आणि तीही उशिरा. १८५३ ची पहिली गाडी बोरीबंदर–ठाणे, तो मार्ग भायखळ्यावरून, इकडून नाही. हार्बर लाइन ३ फेब्रुवारी १९२५ ला सुरू झाली, देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटी ते कुर्ला याच रुळांवरून धावली.

जुना_माझगावकर
सिग्नल, एक दुरुस्ती. विजेवरची पहिली गाडी १९२५ ची बरोबर, पण कुर्ला ते रे रोड लाइन १९१० पासून होतीच. १९२५ ला ती व्हीटीपर्यंत जोडली आणि त्यासाठी डॉकयार्ड रोड ते सँडहर्स्ट रोड हा पट्टा उंचावरून नेला. म्हणून तर तिथे गाडी लोकांच्या खिडक्यांच्या लेव्हलला धावते आणि सँडहर्स्ट रोडला हार्बर वर, मेन लाइन खाली.

त्या काळात माझगाव फार बदललं. १६३२ चं ग्लोरिया चर्च १९११ मध्ये पाडलं, आज भायखळ्याला दिसतं ते १९१३ चं. चर्च हललं पण पाखाडी जागेवर राहिली, मला तर याचंच फार अप्रूप वाटतं.

आता वाईट वाटणारी गोष्ट. वस्ती हेरिटेजच्या यादीत आहे, पण यादीत नाव असलं म्हणून वाळवी थांबत नाही. भाडं वर्षानुवर्षं तेवढंच, घराला मालक पाच भाऊ, त्यातले तीन परदेशात, सागवानाचं काम करणारा सुतार मिळायची मारामार, मग एक पावसाळा असा येतो की छप्पर बसतं आणि त्या जागी टॉवरची बोलणी सुरू होतात. यात मी राहणाऱ्यांना दोष देणार नाही, गळक्या घरात रात्र काढून बघावी लागते.

रोजचा_हार्बर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत गेलो. आधी बाप्टिस्टा बागेत चढलो, तिथून गोदीच्या क्रेन आणि खाली हार्बरची गाडी एकाच वेळी दिसते. मग पाखाडीत. त्याच आज्जी भेटल्या, त्यांना विचारून कठड्याच्या एका फळीवर कागद ठेवला आणि पेन्सिल घासून नक्षीचा ठसा घेतला. शेजारचं घर बंद आहे, कठडा अर्धा निखळलाय. भाचीताई, तुमच्या मावशीच्या घराचा जुना फोटो असेल आणि त्यात गॅलरी दिसत असेल तर प्लीज पाठवाल का? त्या बंद घराचीही नक्षी तशीच आहे का ते ताडून बघायचंय.