आईचे दोन्ही गुडघे एकदम बदलावेत का? मधुमेह आहे, अनुभव सांगा

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची आहे. आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. दोन्ही गुडघे पार झिजलेत, पाय बाहेरच्या बाजूला वाकलेत. रात्री कूस बदलतानाही कळवळते. गोळ्या, इंजेक्शनं, तेलं, पट्टे सगळं करून झालं. आता डॉक्टर म्हणतात, वाट्या बदला, आणि दोन्ही एकदमच करू. भूल एकदा, दवाखान्यात राहणं एकदा, खर्चही कमी.

माझा जीव इथेच अडकलाय. आईला १५ वर्षं मधुमेह आहे. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९ आलं. बीपीची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिनही चालू आहे. साखर वाढलेली असली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. डॉक्टर म्हणाले, शंभरात एखाद-दोघांनाच होतो. पण धातूच्या सांध्यावर जंतू बसले तर नुसत्या औषधांनी सहसा जात नाहीत, कधीकधी सांधा काढून पुन्हा नवा बसवावा लागतो. शिवाय दोन्ही पाय एकदम म्हणजे रक्त जास्त जाणार, हृदयावर ताण जास्त. पोटरीत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावरच बेततं.

त्यात मावशीचं उदाहरण घरातच आहे. ४ वर्षांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. संसर्ग नाही, टाके छान सुकले. पण दुखतं म्हणून तिने व्यायाम टाळला, आणि आम्हीही "राहू दे गं आज" म्हणत राहिलो. याचं मला फार वाईट वाटतं. गुडघा आखडला. दोन महिन्यांनी भूल देऊन वाकवून पाहिला, तरी आज जेमतेम ७० अंश वाकतो. खुर्चीतून उठायला हात द्यावा लागतो. आई तिच्याकडे बघते आणि म्हणते, "मला नको बाई तसलं."

तुमच्या घरी मधुमेही माणसाचं ऑपरेशन झालं असेल तर कृपया सांगा, आधी साखर किती खाली आणायला लावली होती? त्याला किती दिवस लागले? दोन्ही एकदम केलेत की मध्ये काही महिने ठेवलेत? आईची एक दाढ किडलीय. दातातला संसर्ग रक्तातून सांध्यापर्यंत जाऊ शकतो, म्हणून ती आधी काढून घेणार आहोत; लघवीची तपासणीही करतोय. इकोस्प्रिनचं काय करायचं ते हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञच ठरवतील, ते इथे विचारत नाही.

खरी अडचण फिजिओची, म्हणजे व्यायाम करून घेणाऱ्याची आहे. गावात कुणी नाही. कराडहून आठवड्यातून तीनदा कुणी आलं आणि बाकीचे दिवस आम्ही घरी करून घेतलं तर पुरतं का? पहिल्या महिन्यात रोज किती वेळा करून घेत होतात, आणि रडणाऱ्या माणसाकडून कसं करून घेतलंत?

कमोड बसवून घेतलाय. मांडी घालून बसणं सुटणार, हे आईनेही मान्य केलंय. सांध्यांच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे पैशाचं जमेल.

बुधवारी डॉक्टरांना होकार-नकार कळवायचाय. त्याआधी कुणी लिहिलंत तर ते आईला वाचून दाखवेन.