शब्दचर्चा: १९४५ च्या जपानी ‘किनारी’ डिव्हिजनला मराठीत काय म्हणावे?

दफ्तरदार: जपानच्या १४० व्या डिव्हिजनवर नोंद लिहितो आहे. उभारणीचा आदेश २८ फेब्रुवारी १९४५ चा, नेमणूक टोकियोजवळच्या कामाकुराच्या किनाऱ्यावर, ५३ व्या आर्मीखाली. प्रकार ‘एंगान हाइबी शिदान’. ‘तटरक्षक विभाग’ चालेल का?

कोशकिडा: नको. ‘तटरक्षक’ म्हटले की गस्तीच्या बोटी आठवतात. हे तर पायदळ. आणि ‘विभाग’ पाणीपुरवठ्याचाही असतो. ‘शिदान’ला सरळ डिव्हिजन म्हणा, ‘रेन्ताई’ला रेजिमेंट, ‘दाइताई’ला बटालियन. ‘पलटण’ मोहक आहे, पण वाचक ती बटालियन समजतो. १४० व्या डिव्हिजनमध्ये ४०१ ते ४०४ अशा चार रेजिमेंट होत्या. ‘चार पलटणी’ लिहिलेत तर डिव्हिजनची ब्रिगेड, म्हणजे तिच्याहून लहान तुकडी, होऊन बसेल.

दफ्तरदार: मग ‘गृहरक्षक डिव्हिजन’?

कोशकिडा: तो होमगार्ड झाला! शिवाय जून १९४५ च्या कायद्याने नागरिकांची वेगळी लढाऊ दले उभारायची होती, १५ ते ६० वयाचे पुरुष आणि १७ ते ४० वयाच्या स्त्रिया. ‘गृहरक्षक’ शब्द खर्चायचाच तर तिकडे.

तोफखाना: ‘एंगान’ म्हणजे किनारा, ‘हाइबी’ म्हणजे तैनाती. म्हणून ‘किनारा-तैनात डिव्हिजन’. या डिव्हिजनकडे वाहने जेमतेम. नेमून दिलेला किनारा धरून खंदक-भुयारांतून लढणे एवढेच काम. जपानीत त्यांना ‘हारित्सुके’, म्हणजे चिकटवलेल्या, असेही म्हणत. (त्याच उच्चाराचा दुसरा शब्द वधस्तंभावर खिळण्याच्या शिक्षेचा आहे.) मला ‘खिळवलेली डिव्हिजन’ आवडेल, पण अवतरणात आणि एकदाच.

दफ्तरदार: २०१, २१२ वगैरे क्रमांकांनाही हेच?

तोफखाना: नाही, तिथेच बहुतेक नोंदी घसरतात. २ एप्रिलच्या आदेशातल्या आठ डिव्हिजन, २०१ पासून २१६ पर्यंतच्या (मधले क्रमांक सलग नाहीत), हालचाल करून प्रतिहल्ला चढवण्यासाठी होत्या. त्यांना ‘राखीव’ म्हणू नका, ‘प्रतिहल्ल्याच्या’ म्हणा. दक्षिणेकडच्या क्युशू बेटावर मियाझाकीकडे ५७ व्या आर्मीत दोन्ही प्रकार सापडतात: १५४ आणि १५६ किनाऱ्यावर खिळलेल्या, २१२ प्रतिहल्ल्याची. २३ मेच्या, उभारणीच्या तिसऱ्या लाटेतल्या, ३०० च्या घरातल्या पुन्हा किनारी.

कोशकिडा: एक राहिले. १४० व्या डिव्हिजनचे सांकेतिक नाव ‘गो-तो’. अक्षरे ‘रक्षण’ आणि ‘पूर्व’ यांची. ‘पूर्वरक्षक डिव्हिजन’ असे भाषांतर केलेत तर तो डिव्हिजनचा प्रकार वाटेल. नाव तसेच ठेवा, अर्थ तळटीपेत.