शब्दचर्चा : फुप्फुसातील स्मृतिपेशी ‘स्थायी’ की ‘निवासी’?

प्रश्न : फ्लू बरा झाल्यावर फुप्फुसात मागे राहणाऱ्या टी पेशींविषयी (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींविषयी) मी लेख लिहीत आहे. एकदा भेटलेला विषाणू पुढे ओळखणाऱ्या पेशींसाठी ‘स्मृतिपेशी’ हा शब्द रूढ आहेच. परंतु त्यांतील ज्या पेशी रक्तात न फिरता एकाच ऊतीत (अवयवातील पेशीसमूहात) राहतात, त्यांना ‘स्थानिक’, ‘स्थायी’ आणि ‘निवासी’ यांपैकी कोणते विशेषण लावावे?

उत्तर : ‘स्थानिक’ नक्कीच नको. मराठीत स्थानिक म्हणजे मूळचा तिथलाच, आणि या पेशी तशा नसतात. विषाणूच्या प्रतिजनाशी (ज्यावरून तो ओळखला जातो त्या अंशाशी) त्यांची पहिली गाठ फुप्फुसालगतच्या लसिकाग्रंथींत पडते. तेथे त्यांची संख्या वाढते, मग त्या रक्तावाटे फुप्फुसात उतरतात आणि संसर्ग ओसरल्यावर त्यांतील बहुतेक मरून थोड्याच उरतात. उरलेल्यांच्या पृष्ठभागावरील सीडी६९ हे प्रथिन ऊतीबाहेर पडण्याचा संदेश घेणाऱ्या ग्राहीलाच (रिसेप्टरलाच) तेथून हटवते. शिवाय अनेकींवर सीडी१०३ असते, जे श्वासमार्गाच्या अस्तरपेशींवरील ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरून राहते.

‘स्थायी’ भारदस्त वाटतो, पण फुप्फुसाच्या बाबतीत तो दिशाभूल करतो. उंदरांच्या त्वचेत अशा पेशी दीर्घकाळ टिकतात. उंदरांच्याच फुप्फुसात मात्र फ्लूनंतर त्या काही महिन्यांतच घटत जातात आणि त्यांच्यासोबत फ्लूच्या वेगळ्या प्रकारांपासून मिळणारे संरक्षणही ओसरते. निवासी डॉक्टर रुग्णालयाच्या आवारातच राहतो, पण तो तेथे कायमचा असतो असे कोणी समजत नाही. मला ‘निवासी’मधील नेमकी हीच छटा येथे हवी आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पण त्या खरोखर तेथेच राहतात, रक्तातून येऊन-जाऊन नसतात, हे कशावरून ठरले? ते ठरले नसेल तर ‘निवासी’ही धाडसाचा ठरेल.

उत्तर : शंका रास्त आहे. दोन उंदरांची कातडी एकमेकांना शिवली की काही दिवसांत त्यांचे रक्त एकमेकांत मिसळते आणि फिरत्या स्मृतिपेशी दोघांत सारख्या वाटल्या जातात. ऊतीत राहणाऱ्या पेशी मात्र ज्याच्या त्याच्याकडेच आढळतात. दुसरी युक्ती मला अधिक देखणी वाटते : रंगखूण जोडलेले प्रतिपिंड (पेशींना चिकटणारे प्रथिन, अँटीबॉडी) शिरेत टोचून काही मिनिटांतच फुप्फुस तपासले, तर रक्तातील पेशींवर खूण उमटते आणि ऊतीत दडलेल्या कोऱ्या राहतात. माणसात तर प्रत्यारोपणानेच पुरावा दिला आहे, कारण दात्याच्या टी पेशी नव्या शरीरातील त्या फुप्फुसात वर्षाहून अधिक काळ सापडल्या आहेत. म्हणजे उंदरावरून माणसाची मुदत ठरवू नये, आणि लेखात हे स्पष्ट लिहावे.

आणखी एक उत्तर : शीर्षकात ‘संसर्गानंतर’ असेल, तर लशीचाही विचार व्हावा. दंडात टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडे चांगली निर्माण करते, पण फुप्फुसात अशा पेशी वसवण्यात ती सहसा कमी पडते. नाकावाटे दिलेल्या लशींविषयीच्या उत्सुकतेचे हे एक मोठे कारण आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूवरील ‘नेझोव्हॅक’ ही नाकावाटे द्यायची लस 2010 मध्ये आणली होती.

लेखनाबाबत सांगायचे तर ‘ऊती’ दीर्घ असली तरी समासात ती ऱ्हस्व होते : ‘ऊतिसंवर्धन’ तसे ‘ऊतिनिवासी’. फुप्फुसात बी पेशीही (प्रतिपिंडे तयार करणाऱ्या वर्गातील पेशी) अशाच मुक्काम करतात, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘ऊतिनिवासी स्मृती टी पेशी’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे ‘निवासी टी पेशी’ म्हणावे.