मोबाइल आहे ना, मग समच्छेद कशाला? – बिनछेदींना उत्तर

खडू

परवा बिनछेदी यांनी लिहिलं की चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना अपूर्णांकांची गणितं घालणं म्हणजे त्यांना पुन्हा बाकावर उभं करणं. व्यवहारात पाव, अर्धा, पाऊण एवढंच लागतं, उरलेलं मोबाइल करतो, तेव्हा 'समच्छेदाच्या (खालचे आकडे सारखे करायच्या) वह्या नदीत सोडा'. त्यावर टाळ्याही पडल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

सहा वर्षं मी संध्याकाळी, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्यांना गणित शिकवतोय. पोळीभाजी केंद्रातल्या बायका, वॉचमन, रिक्षावाले. पहिल्या दिवशी फळ्यावर १/२ + १/३ लिहितो. निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर २/५. मग त्यांनाच विचारतो, अर्धी भाकरी खाल्ली, वर अजून तिसरा हिस्सा खाल्ला, किती झाली? 'संपतच आली की सर!' मग २/५ म्हणजे अर्ध्याहून कमी, ते कसं? वर्ग गप्प. डोक्यात अपूर्णांक आहे, कागदावर उतरत नाही. ते अंतर रोज दहा गणितं केल्याशिवाय कमी होत नाही. समजावून झालं की झालं, असं नसतं. आज समजतं आणि परवा परत २/५ येतं.

एकदा एका वॉचमनने मला गप्प केलं. म्हणाला, "पहिल्या चाचणीत दोनपैकी एक गणित बरोबर, दुसरीत तीनपैकी एक. मिळून पाचपैकी दोन. माझं चुकलं कुठं?" घरी जाईपर्यंत तेच डोक्यात. त्याचं चुकलं नव्हतंच, तो वेगळीच बेरीज करत होता. त्याचे भाग दोन वेगळ्या चाचण्यांचे, माझे एकाच भाकरीचे. मोबाइल हे सांगणार आहे का?

आणि दहावीच्या संभाव्यतेत दोन फाशांचं उत्तर ६/३६ आलं की त्याचं १/६ करावं लागतं. तिथे मोबाइल नेता येत नाही.

बिनछेदी

सर, 'नदीत सोडा' हे रागात लिहिलं, मान्य. बाकी एक शब्द मागे घेत नाही.

सातवीत गुरुजींनी ७/८ ला अंशाधिक म्हटलं म्हणून छडी दिली होती. तो छेदाधिक, म्हणजे खालचा आकडा मोठा, अजून पाठ आहे. गणित पाठ नाही, छडी पाठ आहे. नंतर कारखान्यात सुपरवायझर झालो तेव्हा आमच्याकडेही असाच वर्ग निघाला. एक फिटर, पंचेचाळिशीचा, हात सोन्याचा. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी पूर्णांकयुक्त, अंशाधिक, सममूल्य असं फळाभर लिहिलं. दुसऱ्या दिवशी हा गडी आला, तिसऱ्या दिवशी रजा. पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तुमच्या रोज दहा गणितांनी किती जण पळाले याची वही ठेवलीय का?

नवी नाणी १९५७ ला आली, त्याला किती वर्षं झाली! सगळं दशांशात शिकवा, एक रुपयाचे शंभर पैसे. विषय संपला.

रंधा

दशांशवाल्या साहेबांनी एकदा आमच्या कारखान्यात यावं. मी सुतार, शिक्षण आठवी. आमच्याकडे इंचाचे आठ सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, त्याचं निम्मं तीन सूत. झोपेतसुद्धा सांगतो. मागच्या वर्षी मुलीच्या पुस्तकात ३/४ × १/२ होतं, ती म्हणाली ३/८. मी म्हटलं, म्हणजे तीन सूतच की! ती माझ्याकडे बघतच राहिली. तीस वर्षं तेच करत होतो, फक्त खालचा आठ कधी कोणी लिहून दाखवला नव्हता.

दशांशात ते ०.३७५. पट्टीवर दाखवा मला कुठे आहे.

जर्सीकर

+१ रंधा. खरा रोग वेगळाच आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे बंद केले तिथेच घात झाला. बे दिढे तीन, तीन दिढे साडेचार! माझे वडील साडेतीनची औटकी म्हणायचे तेव्हा शेजारचा दुकानदार पेन खाली ठेवायचा. इथे परदेशात माझ्या मुलाला विचारलं, दीडची दीडपट किती, तर म्हणतो वन पॉइंट फाइव्ह टाइम्स वन पॉइंट फाइव्ह. अरे, सव्वादोन! आपल्या भाषेत सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द असताना शाळांनी ते अडगळीत टाकले. नंतर २०१९ ला तर दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं 'वीस एक' केलं...

भोचक भवानी

जर्सीकर, ते भांडण २०१९ लाच पोटभर झालंय, परत नको. आणि तुमच्या औटकीत तिसरा हिस्सा कुठे आहे? पाचवा? सगळं निम्म्याचं निम्मं. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. आपला सगळा बाजार दोनाने भागणारा. म्हणूनच खडूसरांच्या वर्गात १/३ आला की घोळ होतो. तिघांत वाटायला लागलं की पाढे संपले.

जर्सीकर

ताई, पाढे पाठ न करणाऱ्यांनी पाढ्यांना नावं ठेवू नयेत.

भोचक भवानी

दिडकीपर्यंत येतात मला. तिकडे बसून इथल्या शाळांवर बोलणाऱ्यांनी एकदा सुट्टीत येऊन वर्ग घ्यावा, एवढंच.

मावशीबाई

तिघांत वाटायचं म्हणालात म्हणून लिहिते. एरवी मी नुसती वाचते.

वडील २०११ ला गेले. वडिलोपार्जित सव्वादोन एकर, म्हणजे नव्वद गुंठे. आई, दोन भाऊ, आम्ही दोघी बहिणी. थोरला भाऊ कागद घेऊन आला. म्हणाला, तुझा हिस्सा तिसावा, तीन गुंठे. तीन गुंठ्यांसाठी कुठे तालुक्याला हेलपाटे घालतेस, हक्कसोड दे, म्हणजे हिस्सा सोडल्याचं लिहून दे. कागदावर खरंच १/३० लिहिलेलं होतं, त्याने बोट ठेवून दाखवलं. बोटाच्या वरच्या ओळीत १/६ होतं. मला वाटलं ते आईचं असेल.

तेव्हा मी बावन्न वर्षांची, आणि असल्याच एका वर्गाला जात होते, नुकतीच बेरीज चालू झाली होती. रात्री ओट्यापाशी उभी राहून हिशोब केला. १/६ म्हणजे ५/३०. त्यात १/३० मिळवला, ६/३०. म्हणजे पाचवा. पंधरा गुंठे आणि तीन गुंठे, अठरा. तीनदा केलं, तीनदा अठराच आलं. दूध उतू गेलं.

सातबारा

मावशी, हिशोब चोख आहे. वडिलोपार्जित असेल तर मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं मानतात. वडील, आई, चार मुलं, प्रत्येकी १/६. मग वडिलांचा १/६ उरलेल्या पाच जणांत, प्रत्येकी १/३०. दोन्हींची बेरीज करायची असते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही मुलांच्या बरोबरीने.

आणि ही बेरीज 'विसरणारे' तुमचे भाऊ पहिले नाहीत. गुरुपाद विरुद्ध हिराबाई हा खटला पाहा. दावा सांगलीच्या कोर्टातला. नवरा वारला, मागे बायको हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. तेव्हा मुलींना मानलेल्या वाटणीत भाग नव्हता, म्हणून पहिले हिस्से चारच, मग नवऱ्याचा पाव सहांत. हिराबाईंनी मागितलं १/४ + १/२४, म्हणजे ७/२४. सांगलीत हातात पडला नुसता १/२४, बेरजेला नकार. हायकोर्टाने ७/२४ दिला आणि १९७८ ला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. एका अपूर्णांकाच्या बेरजेसाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं बाईंना.

मुलींना तेव्हा १/२४ च मिळाला. आज तेच कुटुंब घेतलं तर प्रत्येकाला १/७ + १/४२, म्हणजे सहावा. करून बघा.

जर्सीकर

मग मावशी, अठरा गुंठे घेतलेत ना?

मावशीबाई

नाही. हक्कसोड दिलं.

भोचक भवानी

काय?! मग एवढी बेरीज कशासाठी केलीत? अशाच बायकांमुळे भाऊ सोकावतात. माफ करा, पण डोकं फिरलं वाचून.

मावशीबाई

फिरू दे. भावाची अडचण मला माहीत होती, तुम्हाला नाही. पण सही करायच्या आधी मी त्याला सांगितलं, तीन नाही, अठरा गुंठे सोडतेय, कागदावर अठरा लिही. तो खाली बघत होता. आईसमोर लिहायला लावलं. आता दिवाळीला येतो तेव्हा मला तीन गुंठ्यांची बहीण समजत नाही. धाकटीने तिचे अठरा घेतले. तिलाही मीच सांगितलं होतं.

बिनछेदी

मावशी, तुम्हाला नमस्कार. पण खडूसर, यात तुमची दहा गणितं जिंकली असं समजू नका. मावशींना स्वतःची जमीन होती म्हणून समच्छेद लागू पडला. मी तेच म्हणतोय. जमीन द्या, सूत द्या, पायली द्या, कोरडं ५/६ – ३/८ देऊ नका.

खडू

जमीन सगळ्यांना कुठून देऊ? माझ्या वर्गात निम्म्या जणांच्या नावावर एक गुंठाही नाही. आणि मावशींना कुणीतरी आधी कोरडंच ५/३० शिकवलं होतं, म्हणून ओट्यापाशी जमलं. वेळेवर नव्याने शिकता येत नाही हो. भाऊ कागद घेऊन दारात उभा असतो.

एक मात्र कबूल. तुमचा फिटर पळाला तो गणिताने नाही, फळ्यावरच्या शब्दांनी. अंशाधिक-छेदाधिक मीही पहिल्या महिन्यात उच्चारत नाही. 'वरचा मोठा', 'खालचा मोठा' एवढ्यावर भागतं. लसावि (लघुतम साधारण विभाज्य) तर दिवाळीनंतर. त्याआधी नुसतं खालचे आकडे जुळवायचे, कसेही. २४ च्या ऐवजी ४८ आलं तरी बरोबर.

रंधा

४८ चाललं की! आम्हाला कोणी सांगितलं असतं तर आठवी सोडली नसती. कदाचित. म्हशी पण होत्या घरी.

बिनछेदी

बरं. तुमची ती दहा गणितं टाका इथे. मला नको, बायको नर्सिंगच्या परीक्षेला बसतेय.

खडू

टाकतो उद्या. आज एकच, तुम्हीच दिलेलं: ५/६ – ३/८. बायकोला नाही, तुम्हाला.

जर्सीकर

वरून वर, खालून खाली वजा केलं तर वजा एक येतं हो. हा हा.

बिनछेदी

जर्सीकर, गप्प बसा. २२/४८.

भोचक भवानी

छडी आणू का?

बिनछेदी

सरांनी ४८ चालतं म्हटलंय. वर वाचा.

खडू

चालतं. पण आता दोन्हींना दोनाने भाग जातोय का बघा.