मदत हवी आहे: नवरा जहाजावर, शेजारी हद्दीच्या कागदावर सही मागतोय (मध्य जावा, इंडोनेशिया)

जाईजुई
सोमवारी मोजणीवाले येणार, आज शुक्रवार. संध्याकाळी शेजारचे काका हाताने लिहिलेला कागद घेऊन आले, खाली १०,००० रुपियाचा स्टॅम्प. म्हणाले, इथे सही कर, म्हणजे सोमवारी वेळ जायला नको. कागदात त्यांची हद्द विहिरीपर्यंत लिहिली आहे. सासूबाई म्हणतात आपली जमीन विहिरीच्या पलीकडे सागाच्या झाडापर्यंत. पण काकांसमोर त्या 'इंग्गिह, इंग्गिह' (हो, हो) एवढंच म्हणत राहिल्या. परवा रात्री विहिरीवरचा पंपही कुणीतरी काढून नेला. घरात मी, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा. नवऱ्याचा फोन लागत नाही. सही करू की नको? प्लीज लवकर सांगा.

केतकी_०८
आधी सही करू नका. आता सांगा: जिल्हा कोणता? जमीन कुणाच्या नावावर आहे? मोजणी कुणी मागवली? तुमचा पासपोर्ट भारताचा की तिथला?

बापूसाहेब
भूमी अभिलेखमध्ये एकतीस वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. गावनकाशा काढा, जुन्या मोजणीची 'क' प्रत काढा. शेजारी काय म्हणतो याला अर्थ नाही, नकाशा बोलतो. सातबाऱ्यासारखं तिथेही काहीतरी असणारच.

रानवारा
ताई, जमिनीचं नंतर बघा. चोर घरात शिरायच्या आधी दोन कॅमेरे लावा आणि एक कुत्रा पाळा. आमच्या शेतावर कुत्रा आणल्यापासून मोटार जागेवर आहे.

जाईजुई
क्लातेन जिल्हा, मेरापी ज्वालामुखीच्या बाजूला. जमीन सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन तीन वर्षं झाली. सर्टिफिकेट नाही, गावच्या वहीतली लेटर सी नोंद आहे. मोजणी सरकारी आहे, सगळ्या गावाची. मी भारतीय पासपोर्टवर आहे, नवऱ्यामुळे कितास, म्हणजे राहण्याचा परवाना, मिळालं आहे. मला फक्त सहीचं सांगा.

समुद्रपक्षी
जकार्तात सतरा वर्षं आहे, बायको मध्य जावातल्या सोलो शहरातली, त्यामुळे हे सगळं घरात पाहिलंय.

ताई, ती सही तुमची नाहीच. जमिनीचे वारस सासूबाई, तुमचे यजमान आणि त्यांची भावंडं. १९६० च्या जमीन कायद्याच्या कलम २१ प्रमाणे हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळते. तुम्ही सही केलीत तर कायद्याने तिला फार आधार नाही, पण उद्या गावात तो कागद नाचवला जाईल आणि तुमच्याच माणसांना खोटं पाडायला वापरला जाईल. स्टॅम्पला घाबरू नका. तो कागदावरचा कर आहे, मजकूर खरा असल्याचा दाखला नव्हे.

ही मोजणी पीटीएसएलची असणार, गावंच्या गावं नोंदवायची सरकारी मोहीम, २०१७ पासून चालू आहे. तिच्यात दोन्ही शेजाऱ्यांनी जागेवर उभं राहून हद्द दाखवायची असते. एकमत झालं नाही तर मोजणारे तात्पुरती हद्द धरून तसं लिहून ठेवतात. पुढे यादी १४ दिवस जाहीर लावतात, तेव्हाही हरकत घेता येते. सोमवारीच सगळं संपतं असं नाही.

बापूसाहेब
म्हणजे नकाशा आहेच ना? मग मी काय वेगळं सांगितलं?

समुद्रपक्षी
बापूसाहेब, लेटर सी ही गावाच्या कचेरीतली जमीनकराची वही. नाव, वर्ग, अंदाजे क्षेत्र. हद्दीचा नकाशा तिच्यात नसतो. म्हणूनच झाड, विहीर, पाट यांवर भांडणं होतात.

बापूसाहेब
सातबाऱ्यालाही नकाशा नसतो, तो गटाचा वेगळा असतो. क्षेत्र तरी जुळवून पाहता येईल की नाही? ताई, वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा. वह्यांची पानं फाटतात, मी पाहिलंय.

समुद्रपक्षी
फोटोचं मान्य, आजच काढा. दरवर्षीच्या जमीनकराची चिठ्ठीही शोधा.

माडाखाली
इथे आलोच आहे तर विचारतो. बालीत छोटं घर घ्यायचंय. ड्रायव्हर विश्वासू आहे, त्याच्या नावावर घेऊन आपसात करार केला तर?

समुद्रपक्षी
करू नका. कलम २६ प्रमाणे असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो, जमीनही जाते आणि पैसेही. भाडेपट्टा किंवा हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क, बघा. त्याचा वेगळा धागा काढा, इथे ताईंचं चाललंय.

जाईजुई
गावात म्हणतात २ फेब्रुवारी २०२६ नंतर लेटर सीवाल्यांच्या जमिनी सरकार घेणार. काकाही हेच म्हणाले. त्याचंच मला जास्त भय वाटतंय.

समुद्रपक्षी
सरकार घेत नाही. २०२१ च्या नियमाने जुन्या कागदांवरून नोंदणी करायला पाच वर्षं दिली होती. त्यानंतर लेटर सी, गिरिक (जुनी जमीनकराची चिठ्ठी) हे मालकीचा पुरावा म्हणून चालत नाहीत, माग काढायला उपयोगी पडतात. जमीन ज्याची आहे त्याचीच राहते, तिची नोंद करायची एवढंच. या भीतीपोटी लोक भलत्या कागदांवर सह्या करून बसतात, जीव तुटतो पाहून.

केतकी_०८
जमीन नवऱ्याकडे आली तर मुलाचं काय? मुलगा कोणत्या पासपोर्टवर आहे?

जाईजुई
इंडोनेशियाच्या.

समुद्रपक्षी
मग मुलाला वारसा मिळू शकतो. वडिलांकडून आलेली मिळकत ही यजमानांची स्वतःची, १९७४ च्या विवाह कायद्यात तसं आहे. देव न करो, पण तुमच्या वाट्याला कधी आलीच, तर एका वर्षात सोडावी लागेल. हे आधीच बोलून ठेवा.

सायली_तासमान
मी जोग्याला (योग्यकार्ता) शिकायला होते. रानवारा यांचं मनापासूनचं आहे, पण जावातल्या बऱ्याच मुस्लिम घरांत कुत्रा पाळत नाहीत, सासूबाईंना न विचारता आणू नका. त्यापेक्षा सांगा, तुमच्या घराची रोंदाची पाळी कोण करतं? आणि दारावरच्या डब्यात जिंपितान कोण टाकतं?

जाईजुई
रोंदा म्हणजे रात्रीची गस्त ना? नवरा जायचा. आता कुणी नाही. डबा रिकामाच असतो, मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सायली_तासमान
मग आधी ते करा. रोज रात्री डब्यात मूठभर तांदूळ किंवा गावात ठरली असतील ती नाणी ठेवायची. गस्तीची पोरं ती गोळा करत फिरतात, म्हणजे प्रत्येक दारापाशी रात्री माणूस येऊन जातो. कॅमेऱ्यापेक्षा मला हे मोलाचं वाटतं. पुरुष बाहेरगावी असला तर वर्गणी देऊन किंवा बदली माणूस देऊन पाळी भागवतात, वस्तीच्या प्रमुखांना, पाक आरटींना विचारा. पंपाची चोरी त्यांना आणि गावच्या पोलिसाला, भाबिनकामतिबमासला सांगा. पण चोरी आणि हद्द एका वाक्यात बोलू नका. काकांवर संशय आहे असं एकदा ऐकू गेलं की ते घर कायमचं तुटेल.

आणि 'इंग्गिह' म्हणजे दर वेळी होकार नव्हे. वडीलधाऱ्यांच्या बोलण्याला ती 'ऐकतेय' अशी मान असते. सासूबाईंना एकटीला विचारा.

धुकं
कागद जलरोधक पिशवीत घालून दाराजवळ ठेवा, हेही सांगते. २०१० ला मेरापीने ३५० च्या वर माणसं घेतली, २००६ च्या भूकंपात तर क्लातेनची घरंच्या घरं बसली. इशाऱ्याची पातळी वाढली की शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

रानवारा
कुत्र्याचं मला माहीत नव्हतं. पण विहिरीवर दिवा तरी लावा ताई.

जाईजुई (सोमवार, रात्री)
सही केली नाही. शनिवारी पाक आरटींकडे गेले, सासूबाई बरोबर आल्या. तिथे त्या बोलल्या. विहीर सासऱ्यांनी आणि काकांच्या वडिलांनी मिळून खणली होती, पाणी दोघांचं, जमीन आमची. हे मला सात वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आज मोजणीच्या वेळी काका रागावले, मग गप्प झाले. मोजणाऱ्यांनी हद्दीवर एकमत नाही असं लिहिलं. गुरुवारी गावच्या प्रमुखांनी दोन्ही घरांना बोलावलंय. पाणी पूर्वीसारखंच दोघांचं राहील, हे मी काकूंना जाऊन सांगितलं. त्या रडल्या, मीही रडले.

पंप मिळाला नाही. विहिरीवर दिवा लावला. डब्यात काल नाणी ठेवली होती, दोन वाजता दाराशी केंतोंगान, गस्तीचं लाकडी ठोकळं, वाजलं आणि मला पहिल्यांदा झोप लागली.

नवऱ्याचा फोन आला, बुधवारी सिंगापूरला लागतात. नणंद सुराबायाला असते, तिला सुट्टी नाही. दोघांचं कुलमुखत्यार सासूबाईंच्या नावे हवं ना? नणंदेने तिथल्या तिथे करून पाठवलं तर चालेल का?

समुद्रपक्षी
चालेल. नणंदेने सुराबायाच्या नोतारिसकडे (नोटरी), यजमानांनी सिंगापूरच्या इंडोनेशियन वकिलातीत. दोन्हीत जमिनीचा लेटर सी नंबर लिहायला सांगा. नंबर त्या फोटोत असेल.