बी विंगच्या डक्टमधला कचरा

सेक्रेटरी: आज डक्टमधून चार पोती कचरा निघाला. दुधाच्या पिशव्या, गुंतवळ, वापरलेले सॅनिटरी पॅड. सफाईवाले दादा आत उभे असतानाच वरून आणखी एक पिशवी पडली! ‘येथे कचरा टाकू नये’ हा बोर्ड तीन वर्षं तिथेच आहे.

बी-४०३: कॅमेरा लावा, दंड करा.

ए-२०१: काका, दंडाचं बघू, पण आधी तो बोर्ड काढा. मी मानसशास्त्र शिकतेय, म्हणून सांगते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. गल्लीत लावलेल्या सायकलींच्या हँडलला पत्रकं अडकवली, जवळपास कचऱ्याचा डबा नव्हता. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी पत्रक तिथेच टाकलं. भिंतीवर रेघोट्या मारल्यावर ६९ टक्क्यांनी. भिंत रंगवू नका अशी पाटी तिथेही होतीच. लोक पाटीपेक्षा आधीच्यांनी काय केलंय ते बघतात. आपल्या बोर्डाखालचा ढीगच सांगतो, इथे टाकतात सगळे.

ए-१०४: अगदी! आमचे हे लोकलमध्ये शेंगांची टरफलं सीटखाली टाकतात, मेट्रोत मात्र तिकीटसुद्धा खिशात ठेवतात.

बी-००२: जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्या, तर थुंकणारे लिफ्टमागे जायला लागले. माझ्या मोरीची खिडकी त्या डक्टमध्ये उघडते. जाळी तुंबली की पाणी आधी माझ्या घरात. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गटारं याच प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबली होती. मी रात्रभर पाणी उपसलंय. आता वय नाही राहिलं.

बी-५०२: काकू, गुंतवळ मी टाकायचे. इतकुसं तर आहे, असं वाटायचं. रात्रभर घरात कचरा नको, एवढंच डोक्यात. खिडकीबाहेर गेलं की आपलं राहिलंच नाही. खाली तुमची मोरी आहे हे कधी मनातच आलं नाही. माफ करा.

बी-००२: बोललीस ते बरं केलंस गं. दुपारी ये, खिडकीतून दाखवते.

ए-२०१: एका डक्टवर इतकी घरं, म्हणून कोणालाच ते आपलं वाटत नाही. निदान आता पडलेलं त्याच दिवशी उचलू या. एक पिशवी राहिली की दुसरी येणारच.

सेक्रेटरी: बोर्ड आज काढतो. पॅडसाठी मजल्यावर झाकणाचा वेगळा डबा ठेवू.

बी-४०३: डबे मी आणतो. सहा पुरतील?

सेक्रेटरी: सात. तळमजला धरून.