ज. जी. कलाशाळेची वाढ : जुन्या आवारातच की बाहेर?

कुंचला :
सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईची ज. जी. (जे. जे.) कलाशाळा सुरू झाली, तेव्हा तिला स्वतःची इमारत नव्हती. वर्ग एल्फिन्स्टन संस्थेत भरत. आजची दगडी गॉथिक धाटणीची वास्तू जॉर्ज ट्विग मोलेसी यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये उभी राहिली. १८९१ मध्ये हस्तव्यवसायांसाठी रे कार्यशाळा आल्या, तर वास्तुकला आणि उपयोजित कला हे विभाग विस्तारत जाऊन १९५८ मध्ये स्वतंत्र संस्था झाले. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर जागेची गरज वाढणारच. मुख्य वास्तू आणि आवारातला डीनचा (अधिष्ठात्यांचा) बंगला यांचे संग्रहालय करावे आणि वर्ग प्रशस्त नव्या संकुलात न्यावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण जुन्या दगडी भिंतींवर तारा, पाइप आणि पोटमाळे यांचा भार टाकत राहणे हा त्या वास्तूवर अन्याय आहे.

बोरीबंदरकर :
मला हे अजिबात पटत नाही. या वास्तूतले चित्रवर्ग उत्तरेकडून येणारा स्थिर उजेड मिळावा अशा बेताने बांधलेले आहेत; मॉडेलवरच्या सावल्या दिवसभर फारशा हलू नयेत, ही चित्रकाराची गरज आजही तशीच आहे. ज्या कामासाठी खोली घडवली तेच काम तिथून काढून घेतले, तर जतन नेमके कशाचे होणार? शिवाय हे आवार क्रॉफर्ड मार्केट आणि बोरीबंदर यांच्या मधोमध आहे, आणि बोरीबंदर स्थानकाच्या शिल्पसजावटीवर याच शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात फिरले आहेत. हा शेजार नव्या संकुलात मिळणार नाही. तारांची अडचण खरी आहे, पण त्यावर उपाय काळजीपूर्वक दुरुस्तीचा आहे, स्थलांतराचा नव्हे.

पागोळी :
वर्ग इथेच राहावेत, याबाबत मी बोरीबंदरकरांच्या बाजूने आहे. मात्र त्याच आधारे मोकळ्या जागेत बहुमजली इमारत उभारण्याची मागणी कोणी केली, तर तिला माझा विरोध राहील. उत्तरेचा उजेड अडवणारी नवी भिंत ही जुनी भिंत पाडण्याइतकीच घातक आहे. बंगल्याविषयीही एक आक्षेप नोंदवतो. ‘जंगल बुक’चे लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे जन्मघर म्हणून तो ओळखला जातो; पण त्यांचा जन्म १८६५ मध्ये याच आवारात झाला असला, तरी आज दिसणारा लाकडी बंगला त्यानंतरचा आहे. तेव्हा तिथे संग्रहालय झालेच, तर ते इथे शिकलेल्या आणि शिकवलेल्या कलावंतांच्या कामाचे असावे.

कुंचला :
बंगल्याविषयीची सूचना मला मान्य आहे. मुख्य वास्तूबाबत मात्र माझे मत बदललेले नाही : चित्रवर्ग तिथे ठेवायचे असतील, तर निदान कार्यालये आणि संगणककक्ष तरी तिथून आधी हलवावेत.